डाळमिलसाठी पॅलेट किती बनवावेत?

प्रश्न (वाशीम जिल्हा, शेतकरी कंपनी): तूरडाळ रोज ३ टन, आठवड्याचे सहा दिवस. ३० किलोचे कट्टे. गोदामात १० दिवसांचा माल असतो, चार प्रतींचा (दर्जांचा). बुधवारी अन् शनिवारी ९-९ टनांची गाडी नागपूरला जाते. पॅलेट (कट्टे रचायचे फळ्यांचे पाट) गाडीसोबत पाठवले तर १२ दिवसांनी परत येतील. १२०० × १००० मिमीचे लाकडी पॅलेट सुताराला किती सांगू? टनांच्या हिशेबाने ३४ येतात.

उत्तर १: भाऊ, ३४ हे फक्त गोदामातल्या मालाचे झाले. भरलेला कट्टा साधारण ६०×४० सेंमी बसतो, म्हणून थराला ५ (तीन आडवे, दोन उभे, पुढचा थर उलटा फिरवून). ६ थर म्हणजे ३० कट्टे, ९०० किलो. कट्टा थोपटून बसवल्यावर मोजा. ६५ सेंमी भरला तर कडेबाहेर लोंबतो, अन् तिथूनच थप्पी कलते.
१००० कट्ट्यांना ३४, पण चार प्रतींचे अर्धवट पॅलेट धरून ३७. रस्त्यावरचे सरासरीने धरू नका. बुधवारचे परत यायच्या आधी शनिवार, बुधवार, शनिवार अशा आणखी तीन गाड्या निघालेल्या असतात. चार गाड्यांचे ४०. पॅकिंगपाशी ४. बेरीज ८१, दुरुस्तीतले ६ धरून ८७.

उत्तर २: गाडी कोणती? १९ फुटी हौदात १.२ मीटरच्या चारच ओळी बसतात, म्हणजे ८ पॅलेट, ७.२ टन. दहासाठी २२ फुटी लागेल. अन् तिकडे डॉक (गाडीच्या उंचीचा माल उतरवायचा ओटा) किंवा फोर्कलिफ्ट (पॅलेट उचलायची गाडी) आहे का?

प्रश्नकर्ता: दोन्ही नाही. हमाल कट्टे पाठीवर उतरवतात.

उत्तर २: मग पॅलेट गाडीत चढवूच नका. माल इथेच पॅलेटवरून उतरवून गाडीत भरला की पॅलेट त्याच दिवशी मोकळा. ३७ अन् ४, दुरुस्तीचे ३-४ धरून ४५ पुरतात. कच्च्या तुरीचे मात्र वेगळे मोजा, तिथे वजन नाही, जमीन मोजायची: ६×५ मीटरच्या थप्पीखाली २५. भिंतीपासून दोन फूट सोडा. तुरीच्या हंगामात हे पॅलेट महिनोन्‌महिने दबून राहतात, ४५ मधून काढले तर पॅकिंग अडेल.

उत्तर ३: सुताराला ओलं बाभळीचं लाकूड लावू देऊ नका. वाळल्यावर फळी आकसते, खिळ्याचं डोकं दोन-तीन मिमी वर येतं अन् सर्वात खालचा कट्टा फाटतो. डाळ फळ्यांच्या फटीत सांडली की तिथं भुंगेरे होतात. साल काढलेली, वाळलेली फळी, अन् पिळाचे खिळे डोकं आत ठोकून. हँड पॅलेट ट्रक (पॅलेट उचलून हाताने ओढायची गाडी) वापरणार असाल तर पॅलेटखाली जाणाऱ्या त्याच्या काट्याची रुंदी आधी सुताराला दाखवा, अन् खालच्या फळ्या त्याची चाकं जिथं उतरतात तिथं येऊ देऊ नका. चाक फळीवर चढलं की ती उचलताना उखडते. आधी ५ बनवून आठवडाभर वापरा, मग बाकीचे ४० सांगा.