मदत हवी आहे: मिरर लावायला गेलो, आता विंडोजच सुरू होत नाही

ओसरी:
दोन तास झाले, काहीच सुचत नाहीये. घरच्या कॉम्प्युटरला दुसरी हार्ड डिस्क जोडली, दोन्हींवर आपोआप एकच डेटा राहावा म्हणून. बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) डिस्क जोडणीचा साटा मोड 'रेड', म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवायचा, केला. तेव्हापासून निळा स्क्रीन, 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस', रीस्टार्ट, पुन्हा तेच. मुलीचे जन्मापासूनचे फोटो आत आहेत. विंडोज नव्याने टाकू का? लवकर सांगा.

निंबोणी:
टाकू नका! आधी सांगा, नुसता मोड बदललात की रेडच्या मेनूत जाऊन दोन डिस्कची ॲरेही (एकत्र जोडलेला संच) बनवलीत? ॲरे बनवताना डिस्क पुसली जाऊ शकते. आणि विंडोज कोणत्या डिस्कवर आहे?

खडू:
लिनक्स टाका, सुटाल. त्यातल्या एमडीएडीएम या रेडच्या टूलमध्ये एक डिस्क 'मिसिंग' दाखवून नव्या डिस्कवर अर्धा मिरर बनवायचा, डेटा त्यात कॉपी करायचा, मग जुनी डिस्क जोडायची. मी वर्षानुवर्षं हेच करतोय.

ओसरी:
लिनक्स नको, घरात सगळे विंडोज वापरतात. ॲरे नाही बनवली, फक्त मोड बदलला.

निंबोणी:
मग डेटा जागेवर आहे. मोड परत 'एएचसीआय' (रेडशिवायचा नेहमीचा मोड) करा. विंडोजने रेडचा ड्रायव्हर सुरुवातीला लोड केला नाही, म्हणून त्याला स्वतःचीच डिस्क दिसेना.

पाणवठा:
विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. आधी ११ वर जा.

ओसरी:
सुरू झालं!! खूप आभार. विंडोज १० प्रो आहे, ११ चं नंतर बघतो. विंडोज वेगळ्या एसएसडीवर आहे, फोटो २ टीबीच्या डी ड्राइव्हवर. नवी डिस्कही २ टीबीच.

निंबोणी:
अहो, हे आधी सांगायचंत! फक्त डी ड्राइव्हचाच मिरर हवा असेल तर बायोसला हात लावायची गरजच नव्हती. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डी वर राइट क्लिक, 'ॲड मिरर'. प्रो असल्याने चालेल, होममध्ये हा पर्याय मिळत नाही.

चाफेकळी:
त्यापेक्षा स्टोरेज स्पेसेस घ्या, विंडोजचीच सोय आहे, डिस्क एका 'पूल'मध्ये एकत्र करून मिरर करते. होमवरही चालतं, माझ्याकडे छान चाललंय.

निंबोणी:
चाफेकळी, पूलमध्ये घेताना डिस्क पुसली जाते. त्यांचा डेटा डी वर आहे, हा सल्ला इथे धोक्याचा आहे.

चाफेकळी:
डेटा आधी तिसऱ्या डिस्कवर काढायचा, मग दोन्ही डिस्क पूलमध्ये घ्यायच्या. मी तसंच केलं. 'ॲड मिरर'ने साधी ('बेसिक') डिस्क 'डायनॅमिक' प्रकारची होते, ती परत बेसिक करायला विंडोज तिच्यावरचे सगळे व्हॉल्यूम (ड्राइव्ह) काढायला लावतं, तेही सांगा ना.

निंबोणी:
ते खरं आहे. ओसरी, हे लक्षात घेऊनच पुढे जा.

ओसरी:
'ॲड मिरर' पुसट दिसतंय, क्लिकच होत नाही.

निंबोणी:
नव्या डिस्कवर काही बनवलंय का?

ओसरी:
हो, आणल्या आणल्या फॉरमॅट करून ई ड्राइव्ह केला होता. रिकामाच आहे.

निंबोणी:
ती जागा 'अनॲलोकेटेड' (कुठलाच ड्राइव्ह न बनवलेली) हवी. ई डिलीट करा, पण डिस्कचा नंबर दोनदा वाचून. तरी पुसटच राहिलं तर नवी डिस्क काही एमबींनी लहान असेल. दोन कंपन्यांच्या २ टीबी डिस्क तंतोतंत सारख्या असतीलच असं नाही. मग डी थोडा श्रिंक (लहान) करा.

खडू:
आणि मिरर म्हणजे बॅकअप नव्हे! चुकून फोटो डिलीट झाला की तो दोन्हीकडून त्याच क्षणी जातो. फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरचंही तेच. तिसरी प्रत बाहेर ठेवा.

ओसरी:
पटलं. फोटो आधी एक्स्टर्नल डिस्कवर घेतले. मग ई काढला, डी १ जीबीने श्रिंक केला आणि पर्याय आला. आता दोन्हींवर 'रीसिंकिंग' (डेटा सारखा करणं) दिसतंय, ४ टक्के. किती वेळ लागेल?

निंबोणी:
चार-पाच तास तरी. मध्येच बंद करू नका.

पाणवठा:
माझी जुनी डिस्क टिकटिक करते. मलाही मिरर लावता येईल का?

निंबोणी:
टिकटिक करणाऱ्या डिस्कवर मिरर नको, सिंक करताना ती पूर्ण वाचावी लागते. सर्वांत गरजेच्या फाइल्स आत्ताच दुसरीकडे काढा, बाकीचं नंतर बोलू.