मदत हवी आहे: लॅपटॉप प्रोसेसरच्या नावातला यू आणि पी, प्रत्यक्षात किती फरक?

नवीन लॅपटॉप घ्यायचाय. दोन मॉडेल नक्की केलीत, बाकी सगळं सारखं (१६ जीबी रॅम, वजन दीड किलोच्या आत), फक्त प्रोसेसर वेगळा: इंटेल कोअर आय५-१३३५यू आणि आय५-१३४०पी.

अक्षरांचे अर्थ वाचून झालेत. एच म्हणजे जास्त ताकदीचे, के म्हणजे ओव्हरक्लॉक करता येणारे (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवता येणारे), एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स नसलेले. हे तिन्ही माझ्या कामाचे नाहीत. इंटेलच्या माहितीनुसार यूची बेस पॉवर (सतत कामात अपेक्षित वीजवापर) १५ वॅट, पीची २८. यूमध्ये २ मोठे आणि ८ छोटे कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), पीमध्ये ४ आणि ८. कमाल वेग मात्र दोन्हींचा ४.६ गिगाहर्ट्झच! इथेच गाडी अडलीय.

काम: कोड कंपाइल करणं (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणं), एखादं व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर). गेमिंग अजिबात नाही. सध्याच्या आय५-८२५०यूवर कंपाइल सुरू केलं की वेग तीन गिगाहर्ट्झच्या वर जातो, पण मिनिटभरात दोनच्या आसपास येतो आणि तिथेच राहतो, पंखा जोरात फिरत असतो. पंखा साफ केला, थर्मल पेस्ट बदलली, पॉवर मोड बदलून पाहिला. थोडाच फरक पडला.

बेंचमार्कही (वेग मोजणाऱ्या चाचण्या) पाहिले, पण ते बहुतेक दोन-चार मिनिटांचे. माझं कंपाइल वीस-पंचवीस मिनिटं चालतं. शिवाय पॉवरची मर्यादा लॅपटॉप बनवणारी कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे नुसत्या अक्षरावर विसंबायची भीती वाटते.

पातळ लॅपटॉपमध्ये पी वापरणाऱ्यांनी कृपया सांगा: इतका वेळ पूर्ण लोड असताना तो खरंच २८ वॅटच्या आसपास टिकतो, की गरम होऊन यूच्याच पातळीला येतो? आणि हलक्या कामात बॅटरी यूपेक्षा किती लवकर उतरते?