लढाईत प्रवासी विमानं वापरतेत का?

उदगीरकर:
आमचे आजोबा ८८ वर्षांचे हायेत. ते सांगतेत की पोलीस ॲक्शनच्या (निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आणणारी लष्करी कारवाई) आधी, १९४८ ला, रात्री बीदरच्या अंगाला जड विमानांची घरघर यायची अन् त्यांची आई लगेच कंदील बारीक करायची. ती विमानं लष्कराची होती का प्रवाशांची? अन् लढाई लागली की कंपन्यांची विमानं सरकार घेतंय का? नीट सांगा, आजोबांना वाचून दाखवायचंय.

नांदेडचा मास्तर:
बहुतेक सिडनी कॉटनची असतील. हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून निजामासाठी चोरून शस्त्रं आणायचा, बीदर अन् वरंगळला उतरायचा. विमान लँकेस्ट्रियन, म्हणजे लँकेस्टर बॉम्बरचंच प्रवासी रूप, त्यामुळं वजन भरपूर उचलायचं. गावोगाव निजामाच्या बाजूच्या रझाकारांची दहशत अन् त्यात वरून हे, आजही वाचताना राग येतो.

जालन्याचा फौजी:
हवाई दलातून रिटायर आहे. सरकार घेतं की! २७ ऑक्टोबर १९४७ ला १ सिख पलटण दिल्लीहून श्रीनगरला उतरली, तेव्हा हवाई दलाकडं विमानं कमी म्हणून खासगी कंपन्यांची डाकोटा, म्हणजे दोन पंख्यांची जुनी वाहतूक विमानं, घेतली, ती नसती तर श्रीनगर हातचं गेलं असतं असं माझं ठाम मत आहे. मी डाकोटात माल भरलाय, शेपटीखाली चाक असल्यानं जमिनीवर ते मागं कललेलं असतं, दार मागच्या अंगाला, त्यामुळं प्रत्येक पेटी आत चढावावर ढकलत न्यावी लागते, खांदे भरून येतात. १९७१ ला पाकिस्ताननंबी पीआयए या आपल्या विमान कंपनीच्या विमानांतून साध्या कपड्यात जवान ढाक्याला नेले, आपण हवाई हद्द बंद केली होती म्हणून श्रीलंकेचा वळसा घालून. फक्त एक लक्षात घ्या, जवान नाहीतर दारूगोळा भरला की त्या विमानाला प्रवासी विमानाचं संरक्षण राहत नाही, शत्रू ते पाडू शकतो.

परभणीची आई:
माणसं आणायलाबी हीच विमानं लागतात हो. १९९० ला कुवेतमधून निघालेल्या लाखाहून जास्त लोकांना एअर इंडियानं जॉर्डनच्या अम्मानहून आणलं. माझी लेक २०२२ ला युक्रेनहून रोमानियात चालत गेली, बुखारेस्टहून विमान मिळालं. मुंबईला उतरली तेव्हा दोन पायात दोन वेगळे मोजे होते, ते मी अजून जपून ठेवलेत.

उदगीरकर:
सगळ्यांचे लई आभार. आजोबांना दोनदा वाचून दाखवलं. ते विचारायलेत, "त्या कॉटनला धरलं का नाही मग?" मास्तर, सांगा.

नांदेडचा मास्तर:
इंग्लंडमधे खटला चालला, दंड झाला. जेलमधे काही गेला नाही.