मदत हवी आहे: टेस्ट डेटात अख्ख्या गावचं दूध एकाच सभासदाच्या नावावर

नमस्कार मंडळी,

करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर लिहितोय. राजारामपुरीत बसून एकट्याचा कारभार, विचारायला शेजारी कोणी नाही. डेटाबेस पोस्टग्रेस १६. आजवर हातानं भरलेल्या वीसेक नोंदींवर भागत होतं. आता दहा दिवसांचं बिल काढायला किती वेळ लागतो ते बघायचंय. ४०० सभासद, ३६५ दिवस, सकाळ-संध्याकाळ, म्हणजे २ लाख ९२ हजार नोंदी पाहिजेत.

जनरेट-सिरीज (हव्या तेवढ्या ओळी तयार करणारं फंक्शन) वापरून तेवढ्या ओळी पाडल्या. सभासद क्रमांकासाठी आत एक सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) घातली: सभासदांचं टेबल रँडमनं पिसायचं आणि वरचा एक उचलायचा. झटक्यात झालं, तिथंच शंका यायला हवी होती. सगळ्या ओळींत सभासद क्रमांक १३७! एकट्या गड्यानं वर्षभर गावाचं दूध घातलं. परत चालवलं तर क्रमांक २२, आणि तोही सगळीकडं. रँडम एकदाच का पडतंय?

दुसरं म्हणजे फॅट. ३ ते १० मध्ये काहीही येऊ दे असं लिहिलं होतं. सचिवांना स्क्रीन दाखवली तर म्हणाले, "९.४ फॅटची गाय? कुठं मिळती सांगा, आजच दावणीला बांधतो." लिटरचंही तसंच, काल ३ लिटर घालणारा आज २७.

तिसरं, सचिव म्हणतात एवढा खटाटोप कशाला, जुन्या सिस्टीमचा बॅकअप पेन ड्राइव्हवर देतो. घेऊ का?

प्रतिसाद १

तुमच्या सबक्वेरीत बाहेरच्या ओळीचा कुठंच उल्लेख नाही. पोस्टग्रेसच्या लेखी तिचा बाहेरच्या ओळीशी संबंधच नाही, म्हणून तो ती एकदाच चालवतो आणि तेच उत्तर सगळीकडं चिकटवतो. सबक्वेरीच्या अटीत बाहेरच्या ओळीचा क्रमांक कसाही आणा, मग दर ओळीला नव्यानं चालेल. पण करू नका. दर ओळीला ४०० सभासद पिसायचे, तेही जवळपास तीन लाख वेळा! फुकटचं काम.

मुळात सभासद रँडम निवडायचाच कशाला? डेअरीत रोज चिठ्ठी टाकून कोण दूध घालतं का? सभासद, तारखा आणि वेळा यांचा क्रॉस जॉइन करा, म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावा, मग थोड्या ओळी गाळा.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. फक्त त्या ओळी सुट्ट्या सुट्ट्या गाळू नका. आमच्या घरचं दूध डेअरीला जातं म्हणून सांगतो, म्हैस भाकड झाली की दोन-तीन महिने सलग दूध बंद. मंगळवारी भाकड आणि बुधवारी दुभती असं होत नाही.

फॅटसाठी आधी सभासदाचा स्वभाव ठरवा: गाय की म्हैस, जनावरं किती, त्याची सरासरी काय. हे एकदाच रँडमनं काढून सभासदाच्या ओळीत ठेवा. रोजचा आकडा त्या सरासरीच्या आसपास थोडा हलवा. १६ मध्ये रँडम-नॉर्मल नावाचं फंक्शन आलंय, सरासरी आणि पसारा दिला की घंटेच्या आकाराचा डेटा मिळतो, म्हणजे बहुतेक आकडे सरासरीजवळ. जुन्या आवृत्तीवर असाल तर बारा रँडमची बेरीज करून ६ वजा करा, जवळजवळ तेच.

आणि दराचे पायाभूत आकडे, म्हशीला ६.० फॅट ९.० एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), गायीला ३.५ आणि ८.५, यांच्या बरोबर रेषेवरच्या काही नोंदी हातानं घाला. ५.९ आणि ६.० च्या सीमेवरच दराचा हिशोब चुकतो.

प्रतिसाद ३

बॅकअप अजिबात घेऊ नका. त्यात नावं, बँक खाती, आधार सगळं असणार आणि तो पेन ड्राइव्ह कुठल्या खिशातून कुठं जाईल सांगता येत नाही. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणासाठी २०२३ चा कायदाही आहे. सचिवांकडून फक्त सरासऱ्या विचारून घ्या.

मोबाईल नंबर रँडम काढत असाल तर पहिला अंक ६ ते ९ ठेवू नका, खरे नंबर त्यांनीच सुरू होतात. मी ९ नं सुरू केले होते आणि एसएमएस बंद करायचा राहिला. रात्री साडेअकराला कुठल्यातरी परक्या माणसाला "आपले दूध ४७ लिटर" असा मेसेज. त्यानं फोन करून विचारलं, पैसे कधी मिळणार?

आणखी एक, सुरुवातीला सेटसीडला (रँडमची सुरुवात ठरवणारं फंक्शन) उणे १ ते १ मधला एखादा आकडा द्या, म्हणजे दर वेळी तोच डेटा पडेल. नाहीतर आज सापडलेली चूक उद्या नव्या डेटात दिसायची नाही.

धागाकर्ता

भावांनो, नाद खुळा! क्रॉस जॉइन केला, भाकड काळ सलग ठेवला. आता सचिव सुद्धा स्क्रीन बघून "हा आमच्या वरच्या गल्लीतला दिसतोय" म्हणतात. सेटसीडही घातलं आणि ते लगेच उपयोगी पडलं, कारण बिलांची बेरीज आणि वर्षाच्या संकलनाची बेरीज जुळेना. दोनदा तोच डेटा पाडून शोधलं. मी बिल १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते ३० असं लिहिलं होतं. ३१ तारखेचं दूध कुठल्याच बिलात नाही, वर्षातून सात दिवस.

हातानं भरलेल्या वीस नोंदींत ३१ तारीख एकदाही नव्हती. दुरुस्त केलंय. सचिवांना अजून सांगितलेलं नाही.