ट्रेव्हर नोआ, त्याच्याच तोंडून: ऐकलेल्यांनी लिहा

'बॉर्न अ क्राइम' हे आत्मकथन दक्षिण आफ्रिकेचा विनोदवीर ट्रेव्हर नोआनं २०१६ मध्ये लिहिलं आणि ऑडिओबुकसाठी स्वतःच वाचलं. साडेआठ तासांच्या वर आहे. मी ओट्यापाशी भांडी घासत सुरू केलं. जोहान्सबर्ग, १९८४. आई काळी, खोसा जमातीची. बाप गोरा, स्विस. तिथल्या १९२७ पासूनच्या कायद्यानं असा संबंधच गुन्हा, म्हणजे पोरगं हा चालताबोलता पुरावा. बागेत ते 'डॅडी' ओरडत मागे धावतं आणि बाप घाबरून पुढे पळतो. हा गडी हे हसत सांगतो! नळ किती वेळ वाहत होता, देव जाणे. तुम्ही कुठे अडखळलात?

*

मी आधी छापील वाचलं होतं. 'खोसा'तलं पहिलं अक्षर ऐकल्यावर कळलं, आपण सगळं चुकीचं वाचलं. टांगेवाला घोड्याला हाकताना जीभ गालाशी नेऊन जो आवाज काढतो ना, तोच.

*

बेळगावचा आहे, त्यामुळे भाषांचं प्रकरण दोनदा ऐकलं. मागून येणारी झुलू पोरं याला लुटायचं ठरवत असतात. हा वळून झुलूतच बोलतो, तर ती उलट माफी मागतात. आमच्याकडे बसमध्ये जागा मिळवायला कानडी, भांडायला मराठी. जीव वाचवायची वेळ कधी आली नाही, एवढंच.

*

थोडं वेगळं मत. विनोदी किस्से तो स्टेजवर असल्यासारखे पळवतो. कुत्रीचा किस्सा मला कागदावरच जास्त आवडला.

*

वरच्यांशी सहमत नाही. शेवटचं प्रकरण ऐका. तिथे पळवत नाही. २००९ मध्ये सावत्र बापानं आईवर गोळी झाडली, डोक्यात मागून शिरून नाकातून बाहेर. आणि शुद्धीवर आलेली बाई लेकाला चिडवते, की आता घरात देखणा तूच. मी लोकलमध्ये होतो. ठाणे गेलं, कल्याणला उतरलो.

*

माझ्या आईला इंग्रजी येत नाही. तिच्यासोबत ऐकलं, म्हणजे दर दोन मिनिटांनी थांबवून मराठीत सांगत. नऊ दिवस लागले. ट्रेव्हरची आई रविवारी एकामागून एक तीन चर्चं करते म्हटल्यावर माझी आई म्हणाली, "आपल्याकडे वारी करतात तशीच की ही." मिनीबसचा ड्रायव्हर धमकावायला लागतो आणि ट्रेव्हरची आई त्या नऊ वर्षांच्या पोराला चालत्या गाडीतून ढकलून देते, तिथे मात्र माझ्या आईनं हातातली शेंग खाली ठेवली.

"आणि धाकटं?"

"ते तिच्या कुशीत. त्याला घेऊन मागोमाग तिनंही उडी मारली."

"मग ठीक. लाव पुढचं."