टॅव्हिस्टॉक स्क्वेअरचा इतिहास नेमका कोणाचा?

धागाकर्ते : लंडनच्या ब्लूम्सबरी भागातील टॅव्हिस्टॉक स्क्वेअरविषयीचे लेख चार्ल्स डिकन्स (वास्तव्य १८५१ ते १८६०) आणि व्हर्जिनिया वूल्फ (१९२४ ते १९३९) या दोन लेखकांच्या नावांपाशीच थांबतात, हे मला खटकते. डिकन्स यांचे घर केव्हाच पाडले गेले आणि वास्तुविशारद लट्यन्स यांनी मुळात थिऑसॉफिकल सोसायटीसाठी आखलेली, पुढे ब्रिटिश मेडिकल असोसिएशनकडे गेलेली इमारत त्या जागी उभी राहिली. वूल्फ यांचे ५२ क्रमांकाचे घर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात गेले. उरली ती चौकाच्या मधली बाग. तिच्यात हिरोशिमाच्या मृतांसाठी १९६७ मध्ये लावलेले चेरीचे झाड आहे, १९६८ चा गांधीजींचा बैठा पुतळा आहे आणि सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्यांची १९९४ मधील स्मृतिशिळा आहे. माझ्या मते या चौकाचा इतिहास इथून वाचायला हवा.

प्रतिसाद : असहमत. वूल्फ दांपत्य त्या घराच्या तळघरात होगार्थ प्रेस ही प्रकाशनसंस्था चालवत असे, व्हर्जिनिया मागच्या कोठारात पुस्तकांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून लिहीत, आणि ‘टू द लाइटहाउस’ ही कादंबरी आपल्याला याच चौकाभोवती फेऱ्या मारताना सुचल्याचे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. भिंती पडल्या म्हणून हे पुसले जात नाही. शिवाय गांधीजीही विद्यार्थिदशेत जवळच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले, तेव्हा तो पुतळासुद्धा या परिसरात वावरलेल्या माणसाचाच आहे.

धागाकर्ते : गांधीजींबाबतचा मुद्दा रास्त आहे, पण बाग टिकली ती कोणाच्या कीर्तीमुळे नव्हे. बेडफर्डच्या ड्यूकच्या जमिनीवर थॉमस क्युबिट यांनी १८२० च्या दशकात इथे घरे बांधली, तेव्हा अशा बागा कुंपणाआड, केवळ भोवतालच्या रहिवाशांसाठी असत. त्यांवर बांधकाम होऊ नये यासाठी १९३१ चा लंडन स्क्वेअर्स संरक्षण कायदा करावा लागला. आणि ७ जुलै २००५ रोजी इथे बसमधील स्फोटात १३ निरपराध माणसे मारली गेली. ती केवळ प्रवासी होती. नामवंतांच्या यादीत त्यांना जागा कुठे आहे?

प्रतिसाद : ती यादी अपुरी आहे, एवढेच यातून सिद्ध होते, ती टाकून द्यावी असे नव्हे. त्या सकाळी मेडिकल असोसिएशनच्या इमारतीतून डॉक्टर धावत बाहेर आले आणि तिच्या अंगणात जखमींवर उपचार सुरू झाले. त्यांचीही नोंद डिकन्स यांच्याशेजारी व्हावी, असे माझे म्हणणे आहे.