घरपट्टी एकदम अडीच पट, हरकत कशी घ्यायची?

कौलारू_घर:
नगरपरिषदेची नवीन कर आकारणीची नोटीस आलीय. मागच्या वर्षी घरपट्टी २,८५० होती आता ७,४०० दाखवलीय. घर वडलांनी १९९४ ला बांधलेलं, लोड बेअरिंग (म्हणजे आरसीसीचे खांब नाहीत, भार भिंतींवर), मागे पत्र्याची शेड आहे त्यात सरपण आणि जुनी सायकल, बाकी काही नाही. एक वीटही वाढवलेली नाही. एवढं कसं काय वाढवतात? अर्जात काय लिहू, परवडत नाही म्हणून लिहिलं तर कमी करतात का?

वसुली_बघितलेला:
परवडत नाही लिहू नका भाऊ, तो अर्ज फायलीत पडून राहतो. आकारणी दर ४ वर्षांनी नव्याने होते आणि रक्कम हा त्याचा शेवट असतो, भांडायचं असतं सुरुवातीच्या आकड्यांशी. क्षेत्रफळ गुणिले चौ.मी.मागे धरलेलं महिन्याचं भाडं गुणिले १२, त्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा, झालं करयोग्य मूल्य. म्हणजे ८० चौ.मी. ला १० रुपये दर धरला तर वर्षाचे ९,६००, वजा ९६०, राहिले ८,६४०, आणि यावर टक्केवारीने कर. शिक्षण कर पण यावरच लागतो म्हणून एक आकडा चुकला की सगळंच फुगतं. नोटिशीत क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर, वर्ष काय टाकलंय ते आधी इथे लिहा.

मधली_आळी:
आमच्याकडे सर्वेवाल्या पोराने गेटमधूनच बघून माडी आरसीसी लिहिली, खालच्या खोलीत भाडेकरू दाखवला, तो आमचा भाचा होता शिकायला आलेला 😄 सुनावणीला त्याचं कॉलेजचं आयकार्ड नेलं तेव्हा काढलं.

पुणेरी_४०:
स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलत मिळते ना, पीटी-३ फॉर्म भरा.

वसुली_बघितलेला:
@पुणेरी_४० ते पुणे महापालिकेचं आहे हो, यांची नगरपरिषद आहे. मुंबईचा ५०० चौ. फुटांपर्यंतच्या घराला माफीचा नियम पण इथे चालत नाही, तिथे तर पद्धतच वेगळी, भांडवली मूल्यावर, म्हणजे भाड्यावर नाही, घराच्या किमतीवर.

कौलारू_घर:
बघितलं. क्षेत्र ११८ चौ.मी., प्रकार आरसीसी, शेडचा वापर ‘वाणिज्य’!! आत्ता टेप लावून मोजलं तर घर ८१ आणि शेड १४ भरतेय.

वसुली_बघितलेला:
मग तुमचं काम सोपं आहे. तीन चुका तीन वेगळ्या मुद्द्यात लिहा, सोबत हाताने काढलेला मापाचा नकाशा, जुनी पावती, लाईट बिल (घरगुती मीटर आहे हे दिसतं), शेडचे आतून फोटो. फेरमोजणी करा असं स्पष्ट मागा. नोटिशीवर शेवटची तारीख असते ती चुकवू नका आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. शेजाऱ्याचं तसंच घर असेल तर आकारणी यादीत त्याला काय दर लावलाय तेही बघून या, यादी लोकांना बघायला ठेवावीच लागते. फक्त एक, विनापरवाना काही वाढवलेलं असेल तर मोजायला बोलवायच्या आधी विचार करा, शास्ती (दंड) बसते.

कौलारू_घर:
तसं काही नाही साहेब, शेड पण जुन्या पावतीवर आहे. सोमवारी दोन प्रती घेऊन जातो.

मधली_आळी:
तीन घ्या. एक ते हरवतात.